सुनंदाबाई डावीकडे वळल्या

लीलाधरभाऊंना अरिबाने धक्क्यावरच ओळखलं. टॅक्सीतून उतरून ते उन्हात उभे होते. पांढरी टोपी, कोरे पांढरे बूट, दोन्ही हात कमरेवर. जळगावात मेहरूण तलावाच्या वळणावर याच माणसाचा दोन मजले उंच फोटो लागलेला आहे. मागे इमारतीचं चित्र आणि खाली अक्षरं, ‘आपल्या माणसांचं घर’. फोटोत टोपी नाही, एवढाच फरक.

अरिबा यॉटच्या मागच्या फळीपाशी सरबताचं तबक घेऊन उभी होती. क्रोएशियातलं स्प्लिट हे बंदर, जून महिन्यातला शनिवार. या शिडाच्या यॉटवर तिचा हा दुसरा उन्हाळा होता. स्वयंपाक करायचा, खोल्या आवरायच्या आणि कप्तानाला शिडाचे दोर ओढायला हात लावायचा, हे तिचं काम. कप्तान आन्ते पन्नाशीचा, जेमतेम बोलणारा. पाहुण्यांच्या कागदावर त्याने तिला एवढंच दाखवलं होतं की चौघं आहेत, भारतीय आहेत, मांस-मासे-अंडी काही चालत नाही.

चौघांपैकी मुलगा कुंदन म्युनिकला नोकरी करत होता. वडिलांच्या साठीनिमित्त त्याने हा सात दिवसांचा बेत ठरवला होता, बेटाबेटांतून फिरायचं आणि शेवटी स्प्लिट शहर पाहून परतायचं. त्याच्यामागे आई, ज्योत्स्नाबाई. आणि सगळ्यात शेवटी, दोघांच्या आधाराने टॅक्सीतून उतरलेली आजी. सुनंदाबाई, वय एकोणऐंशी, हिरवं पाचवारी पातळ आणि पायात नातवाने घेऊन दिलेले धावायचे बूट.

“ही आरी,” आन्तेने ओळख करून दिली. इथे सगळे तिला तेच म्हणायचे.

“इंडियन?” लीलाधरभाऊंनी विचारलं. “कहाँ से?”

अरिबाच्या तोंडात ‘जळगाव’ हा शब्द येऊन थांबला. “गोवा,” ती म्हणाली.

ते अगदीच खोटं नव्हतं. नाशिकला हॉटेलचं शिक्षण झाल्यावर दोन वर्षं तिने गोव्यातल्या बोटींवर काढली होती. लीलाधरभाऊ आईकडे वळले आणि खणखणीत अहिराणीत म्हणाले, “गोवानी शे. किरिस्ताव व्हई.”

“व्हई ना मंग. पाय देख ना कसा उघडा,” सुनंदाबाई म्हणाल्या आणि तबकातलं सरबत न घेता पुढे गेल्या.

अरिबाला शब्दन् शब्द कळला. तिची आई साबेरा साक्रीची. आजोबा साक्री भागातल्या आठवडे बाजारांत बांगड्यांचं दुकान मांडायचे आणि भाव अहिराणीतच सांगायचे. आजोळी सुट्ट्या काढलेली अरिबा घरी उर्दू, शाळेत मराठी आणि खेळताना अहिराणी बोलायची. या माणसांची भाषा तिला त्यांच्याइतकीच येत होती. पण आता गोवा म्हणून झालं होतं, आणि म्हटल्यावर तिला ते आवडलंही. बोलू देत, ती मनाशी म्हणाली. काय काय बोलतात ते ऐकू तरी.

कारण या माणसाशी तिचा जुना हिशेब होता. तीन वर्षांपूर्वी थोरली बहीण कहकशा आणि मेहुणा हसीब त्या मेहरूणच्या इमारतीत घर बघायला गेले, तेव्हा अरिबाही बरोबर होती. चौथा मजला. खिडकीतून तलाव दिसायचा. कहकशा शाळेत विज्ञान शिकवते, प्रत्येक गोष्ट मापून बघायची तिची सवय. कपडे धुण्याचं यंत्र कुठे बसेल तेही तिने वितीने मोजून ठेवलं. खाली ऑफिसात लीलाधरभाऊ स्वतः होते. “बसा, बसा. चहा सांग रे तीन,” ते म्हणाले. मग अर्ज पुढे ओढला आणि नाव विचारलं. हसीबने नाव सांगितलं. भाऊंनी पेनाचं टोपण लावलं. “अरेच्चा, तो तर गेला. दाखवणाऱ्या माणसाला माहीत नसेल.” दुसरा एखादा? “सगळेच गेले.” चहा आला नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत अरिबाने रस्त्यावर उभं राहून मोजल्या होत्या, सबंध इमारतीत नऊ खिडक्यांत दिवे होते.  रिक्षातून घरी आल्यावर कहकशाने दारातच बजावलं की अब्बूंना यातलं काही सांगायचं नाही.

भाऊंनी आज तिला ओळखलं नाही. ओळखण्याचं कारणही नव्हतं. त्या दिवशी ती डोक्यावर ओढणी घेऊन मागच्या खुर्चीत बसली होती, आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी यॉट शोल्ता बेटाकडे निघाली. बंदराबाहेर आल्यावर आन्तेने इंजिन बंद केलं, अरिबाने दोर ओढून मोठं शीड वर चढवलं आणि एकाएकी सगळं शांत झालं. फक्त पाण्याचा सळसळाट राहिला. पाहुण्यांना हा क्षण फार आवडतो, असा तिचा अनुभव होता. लीलाधरभाऊ दचकले.

“बंद पडली काय रे?”

“नाही पप्पा. आता वाऱ्यावर चाललोय.”

“वाऱ्यावरच जायचं तर मग एवढं इंजिन कशाला बसवलं?” भाऊंनी आन्तेकडे संशयाने पाहिलं. “याला विचार, किती वेळ वाचतो.”

आठवडाभर हेच चाललं. बेटं एकामागून एक येत गेली. पांढऱ्या दगडांची गावं, धक्क्याला लागून चर्च, डोंगराच्या कुशीत ऑलिव्हची झाडं. कुंदन फोटो काढायचा. ज्योत्स्नाबाई उन्हाला वैतागलेल्या असायच्या. भाऊंना प्रत्येक गावात रिकाम्या जागा दिसायच्या आणि तिथे काय बांधता येईल ते ते बोटाने दाखवायचे. सुनंदाबाई सुकाणूजवळच्या कोपऱ्यातल्या बाकावर पाठ टेकून बसायच्या आणि समुद्राकडे न बघता अरिबाकडे बघायच्या. ती भांडी घासते कशी, हात धुते की नाही, पुरुषासारखी दोर कसा खेचते. त्यांनी स्वतःचा पितळी पेला घरून आणला होता. तो त्या स्वतः विसळायच्या.

स्वयंपाकघरात ज्योत्स्नाबाई तिला हिंदीत भरीत शिकवायच्या. “इसको हम लोग भरीत बोलते. बैंगन पूरा भूनने का.” अरिबा “बरीत?” असं मुद्दाम चुकीचं म्हणायची, वांगं मुद्दाम कच्चं ठेवायची आणि ज्योत्स्नाबाई बाहेर जाऊन म्हणायच्या, “काही येत नाही हो हिला.” अरिबाला त्यात एक कडवट मजा येऊ लागली होती. रोज सकाळी ती जागी व्हायची ती आज काय ऐकायला मिळेल या उत्सुकतेनेच. ही सवय आपल्याला चांगली नाही, हे तिला कळत होतं. तरी ती चहा देताना पावलं हळू करायची.

तिसऱ्या दिवशी, ह्वार बेटाजवळ नांगर टाकलेला असताना, ती वरच्या बाजूला टॉवेल वाळत घालत होती. खाली सुनंदाबाई सुनेला म्हणाल्या, “हिले माय नहीच व्हई. माय ऱ्हाती ते अशी पोर मानसंसमोर मांड्या उघड्या टाकीसन भांडा घासत देशोदेश फिरती का? नहीते माय बी अशीच व्हई.”

ज्योत्स्नाबाई हसल्या. अरिबाच्या हातातला चिमटा मोडला. साबेरा रोज संध्याकाळी सहा वाजता फोन करायची, जेवलीस का विचारायची, आणि सबंध मोहल्ल्याच्या तोंडाला तोंड देऊन तिनेच लेकीला परदेशी धाडलं होतं.

चौथ्या दिवशी व्हिस बेटाकडे जाताना वारा वाढला. यॉट एका अंगावर कलली, खालची कड पाण्याला टेकून फेस उडायला लागला. आन्तेच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. लीलाधरभाऊ दोन्ही हातांनी गज धरून ओरडले, “सरळ चालव म्हणा त्याला! वाकडी कशाला चालवतो?”

कुंदनने सांगितलं. आन्ते म्हणाला, “ही सरळच आहे. वारा असा आहे.”

“मी पैसे दिलेत ना? उतरव म्हण ते शीड.”

“पप्पा, पैसे मी दिलेत,” कुंदन हळूच म्हणाला.

भाऊंनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि ओकारी थेट त्यांच्या पांढऱ्या बुटांवर पडली. अरिबा बादली घेऊन आली. तिने पाणी ओतलं, त्यांच्या पायांपाशी बसून फळ्या घासल्या. भाऊ डोळे मिटून होते. “माय, ही हासी ऱ्हायनी मनावर,” ते पुटपुटले. अरिबा हसत नव्हती. पण ते ऐकल्यावर तिने तोंड फिरवलं आणि ती हसली. पुन्हा वळून पाहते तर सुनंदाबाईंची नजर तिच्यावर रोखलेली. म्हातारीला समुद्र मुळीच लागला नव्हता. चेहऱ्यावर खारं पाणी उडत होतं आणि ती ताठ बसली होती.

त्या संध्याकाळी व्हिसवरच्या कोमिझा गावाच्या धक्क्यावर भाऊंना जरा बरं वाटलं आणि त्यांनी जळगावला मित्राला फोन लावला. आवाज मोठा ठेवण्याची सवयच होती. “अरे, मेहरूणला बांधलं, तरी एक तसला आत येऊ दिला नाही मी. एक नाही! त्याला म्हणतात धंदा.” अरिबा त्यांच्या पुढ्यातून खिचडीचं ताट उचलत होती. ताट त्यांच्या डोक्यावर उलटं करावं असं तिला इतकं तीव्रपणे वाटलं की ती स्वयंपाकघरात जाऊन फळीला धरून उभी राहिली.

शुक्रवारी सकाळी लवकर निघून अकराच्या सुमाराला यॉट स्प्लिटला परत आली. आन्तेला डिझेल भरायचं होतं, दुरुस्त्या तपासायच्या होत्या. “आरी, तू दाखवशील का शहर?” कुंदनने विचारलं. तो बिचारा आठवडाभर सगळ्यांच्या मधे उभा राहून थकला होता. अरिबा हो म्हणाली.

शहर तिला पाठ होतं. सुटीच्या दिवशी ती एकटी इथे हिंडायची. धक्क्यालगत ताडांची रांग आणि तिच्यामागे एका रोमन बादशहाने म्हातारपणी राहायला बांधलेला राजवाडा. सतराशे वर्षं झाली. बादशहा गेला, मग केव्हातरी शत्रूने जवळचं गाव जाळल्यावर आसपासची माणसं जीव घेऊन आत शिरली आणि तिथेच राहिली. आजही राजवाड्याच्या भिंतींना खोल्या चिकटलेल्या आहेत, खांबांमधून दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले आहेत. हे ती हिंदीत सांगत होती.

“म्हणजे अतिक्रमण,” लीलाधरभाऊ म्हणाले.

तळघराच्या दालनातून वर चौकात जायला पायऱ्या आहेत. लाखो पावलांनी झिजून दगड काचेसारखे झालेत. सुनंदाबाई तिथे घसरल्यासारख्या झाल्या. अरिबाने पटकन हात पुढे केला.

“हात नको लावू!” म्हातारी कडाडली, आणि अरिबाला भाषा कळत नाही म्हणून तिने हातानेच झटकून दाखवलं, माशी हाकलावी तसं.

चौकातून पुढे बोळ लागतात. अरुंद, थंड, एकमेकांत गुंतलेले. जुन्या देवळासमोर एका खांबापाशी डोकं तुटलेलं काळ्या दगडाचं जनावर आहे, ते दाखवायला अरिबा थांबली. तेवढ्यात झेंडा धरलेल्या बाईमागून पन्नासेक पर्यटकांचा लोंढा आला. लीलाधरभाऊ, ज्योत्स्नाबाई, कुंदन भिंतीला चिकटले. अरिबाने लोंढ्याच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. दहा पावलांवर हिरवा पदर दिसला. सुनंदाबाई वाकून बुटाची नाडी बघत होत्या. त्या उठल्या, इकडे तिकडे पाहिलं, आणि लोंढ्याबरोबर डावीकडच्या बोळात वळू लागल्या.

अरिबाचं तोंड उघडलं. हाक ओठांवर आली होती. तिने तोंड मिटलं.

मग ती पुढच्या तिघांकडे वळली आणि म्हणाली, “ये पत्थर इजिप्त से लाया है, बादशाह ने.” आवाज नेहमीसारखाच निघाला.

उत्तरेच्या दरवाजाबाहेर एका धर्मगुरूचा अवाढव्य पुतळा आहे. त्याच्या पायाचा अंगठा लोकांनी नशीब म्हणून चोळून चोळून सोन्यासारखा केलाय. तिथे कुंदन म्हणाला, “आजी, इकडे ये, अंगठ्याला हात लाव.” आणि मागे कोणी नव्हतं.

“आई कुठे?” ज्योत्स्नाबाईंचा आवाज चिरकला.

“तुझ्याबरोबर होती ना?” भाऊ बायकोवर ओरडले. “एक माणूस सांभाळता येत नाही तुला?”

“मी सांभाळते? तुम्ही मुलगा ना त्यांचा?”

“आणि तू!” भाऊ अरिबाकडे वळले. “आगे आगे भागती है, पीछे कौन देखेगा?”

सुनंदाबाईंचा फोन यॉटवर चार्जिंगला लावलेला होता. पासपोर्ट कुंदनच्या पिशवीत. त्यांना अहिराणीशिवाय दुसरी भाषा धड बोलता येत नव्हती, हिंदीसुद्धा मोडकी. हे सगळं कुंदन एकेक करून बोलत गेला. तिला वाटलं होतं दोन मिनिटं. दोन मिनिटं घाबरू दे म्हातारीला, एवढंच. आता बारा-पंधरा मिनिटं झाली होती.

तिने प्रत्येकाला दिशा वाटून दिल्या आणि स्वतः धावत सुटली. देवळापाशी, चौकात, तळघरात, मासळी बाजारात, पश्चिमेच्या दरवाजाबाहेरच्या मोठ्या चौकात. जिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो त्या बोळातही ती आडवी होऊन शिरली. मग धक्क्यावर. मोठ्या बोटी बेटांकडे सुटत होत्या, माणसं बॅगा ओढत चढत होती. ती कठड्यावरून वाकून हिरव्या पाण्यात पाहू लागली, आणि आपण पाण्यात काय शोधतोय हे लक्षात आल्यावर झटकन मागे सरली.

पाऊण तासाने पूर्वेच्या भिंतीबाहेर, भाजी बाजारात, सुनंदाबाई सापडल्या. दगडी पायरीवर बसल्या होत्या. पातळ गुडघ्यावर फाटून रक्ताने भिजलं होतं. एक भाजीवाली पाण्याची बाटली पुढे धरून उभी होती आणि त्या ती घेत नव्हत्या. पोलीस वाकून इंग्रजीत काही विचारत होता. “लीलाधर,” त्या त्याला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, लहान मुलाला समजवावं तशा. “मना लेक शे. लीलाधर. जळगावना.”

अरिबा गर्दीतून पुढे झाली. “माय, उठा,” ती म्हणाली. “चला. भाऊ धुंडी ऱ्हायनात तुम्हले.”

सुनंदाबाईंनी मान वर केली. त्या तिचं तोंड निरखू लागल्या.

“काय बोलनी तू?”

अरिबा त्यांच्यासमोर खाली बसली.

“कोठली शे तू?”

“जळगावनी. मनी माय साक्रीनी शे.”

भाजीवालीने पोलिसाला काहीतरी सांगितलं. माणूस सापडलं असं समजून तो बाजूला झाला. 

“सात रोज,” सुनंदाबाई म्हणाल्या. “सात रोज तू बठ्ठं ऐकी ऱ्हायनी व्हती? चोरगत?”

“तुम्ही बोलनात, मी ऐकं.” अरिबाचा आवाज चढला. “आनि मनी माय जिती शे. तुम्ही सांगं ना, माय नहीच व्हई म्हनीसन. शे. आनि ती अशीतशी बी नही.”

वाटलं होतं, हे म्हातारीला लागेल. लागलंही. तिने नजर खाली केली, फाटलेल्या पातळाची कड चिमटीत धरली. पण मान पुन्हा वर आली तेव्हा डोळ्यांत वेगळंच काही होतं.

“तू माले देखं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“मी तठे वळनू, तवय तू देखी ऱ्हायनी व्हती. मी बी तुले देखं. तोंड उघडं तू. मंग बंद करी लिधं.” त्यांचं बोट नेमकं अरिबाच्या तोंडाकडे होतं. “माले वाटनं ही बोलाई नही ऱ्हायनी, म्हंजे इकडथीनच रस्ता व्हई. म्हनीसन गऊ मी.”

अरिबाला सांगायचं होतं की तसं नव्हतं, गर्दी होती, काही दिसत नव्हतं. पण तिला दिसलं होतं.

“गोवानी ऱ्हाती ते मी सोडी देतू,” सुनंदाबाई म्हणाल्या. “परकी पोर, तिले काय. पन तू आपली. साक्रीना पानीनी. आनि माले आशी सोडी दिनं, परक्या मुलुखमा?”

त्यांनी भाजीवालीच्या हातातली बाटली घेतली, दोन घोट प्यायल्या, आणि भिंतीला धरून स्वतःच्या पायांनी उभ्या राहिल्या. अरिबाने पुढे केलेल्या हाताकडे पाहिलंदेखील नाही. चौकापर्यंत त्या तिच्या चार हात मागे चालत राहिल्या, लंगडत. अरिबा दर दहा पावलांनी मागे वळून पाहत होती, आणि प्रत्येक वेळी म्हातारी तिच्याकडेच बघत होती.

चौकात कुंदन धावत आला आणि आजीला मिठी मारून रडायला लागला. ज्योत्स्नाबाई खाली बसून गुडघा बघू लागल्या. लीलाधरभाऊंचा चेहरा घामाने लाल झाला होता.

“ही आपली भाषा बोलस, लीला,” सुनंदाबाई म्हणाल्या. बाकी काही नाही.

 भाऊ तिच्याकडे वळून मराठीत म्हणाले, “नाव काय तुझं? पूर्ण.”

“अरिबा युसूफ मन्यार. मेहरूण.”

ज्योत्स्नाबाईंचा हात गुडघ्यावरच थांबला. आठवडाभर जे जे बोलून झालं ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं दिसत होतं. भाऊंना मात्र लाज वाटली नाही. त्यांना राग आला, आणि रागातून त्यांना जे सुचलं ते ते ओरडून बोलले.

“मुद्दाम सोडलंस ना माझ्या आईला? ठरवून! खोटं गाव सांगून घुसलीस आणि...”

“पप्पा, काहीही काय बोलता!” कुंदन मधे आला. “शोधून कोणी आणलं तिला? तिनेच ना? प्रत्येक वेळी तुमचं तेच. नाव ऐकलं की संपलं.”

आजूबाजूच्या पायऱ्यांवर कॉफी पीत बसलेली माणसं वळून पाहू लागली. कुंदन तिच्याकडे बघून म्हणाला, “सॉरी. खरंच सॉरी.”

अरिबाने नुसती मान हलवली असती तर भागलं असतं.  हाताची घडी घालून सुनंदाबाई अरिबाकडे पाहत होत्या, निकाल ऐकायला बसावं तशा.

“भाऊ खरं बोलतायत,” अरिबा म्हणाली. “ठरवून नाही. पण वळताना मी पाहिलं त्यांना. हाक मारली नाही.”

कुंदनचा हात, जो तिच्या बाजूने उचललेला होता, तो खाली आला.

“का?” त्याने विचारलं.

“तीन वर्षांपूर्वी माझी बहीण तुमच्या इमारतीत घर बघायला आली होती. चौथा मजला. नाव ऐकून तुम्ही पेन बंद केलं, भाऊ. आठवतंय?”

“मला काय माहीत, कोण कोण येतं न् जातं.” लीलाधरभाऊंना खरंच आठवत नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं, ते तिने पाहिलं. “आणि बरंच झालं, नाही दिलं ते. आज कळलं ना का देत नाही ते? बघ कुंदन. बघून ठेव.”

 हे कारण अरिबानेच त्यांच्या हातात दिलं होतं.

ते चौघं त्याच दुपारी हॉटेलवर गेले. आन्ते बॅगा वर आणून देत होता. कुंदनने त्याला काय घडलं ते सांगितलं होतं, आणि अरिबाने त्यात काहीही कमी-जास्त केलं नव्हतं. सुनंदाबाईंनी आपला पेला आणि गुडघ्यावरची पट्टी सांभाळत फळीवर पाय ठेवला. आन्तेचा हात धरला. धक्क्यावर उतरल्यावर त्या वळल्या.

“तुनी मायले सांगजो,” त्या अरिबाला म्हणाल्या. “बठ्ठं सांगजो. मी काय बोलनू ते बी, आनि तू काय करं ते बी.”

“सांगसू,” अरिबा म्हणाली.

म्हातारी खात्री पटल्यासारखी मान हलवून टॅक्सीकडे गेली. माफ केल्याचं त्यात काही नव्हतं.

आन्तेने यॉटच्या मालकाला कळवलं. मालकाने अरिबाला काढून टाकलं नाही, पण पाहुण्यांच्या बोटीवरून उतरवलं. सप्टेंबरपर्यंत धक्क्यावरच्या गोदामात चादरी धुण्याचं काम दिलं. “समुद्रावर माणूस नजरेआड होऊ द्यायचा नसतो,” आन्ते जाताना म्हणाला. “आवडता असो, नावडता असो.” त्यानंतर तो तिच्याशी कधी बोलला नाही. कहकशाला तिने कळवलं तेव्हा तिने उलट लिहिलं, तुला कोणी सांगितलं होतं माझा बदला घ्यायला?

साबेराला तिने सांगितलं ते दोन दिवसांनी, संध्याकाळच्या फोनवर. पहिल्यापासून सांगितलं. गोवा, सरबत, पितळी पेला, टॉवेल वाळत घालताना ऐकलेलं. तिथे साबेराने “अस्तगफिरुल्लाह” म्हणून अल्लाची माफी मागितली आणि पुढे ऐकत राहिली. मग बोळ, लोंढा, हिरवा पदर. अरिबाने काही गाळलं नाही. 

“अम्मी?”

“कितनी उमर बोली तू बुढ़िया की?”

“अस्सी के क़रीब.”

“घुटने को टाँके पड़े?”

“मालूम नहीं. पट्टी थी.”

“मालूम नहीं?” साबेराचा आवाज तिने आयुष्यात असा ऐकला नव्हता. “तो मालूम कर पहले. फिर मुझे फ़ोन कर.”

फोन कट झाला. अरिबा गोदामाच्या दारात, ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी उभी राहिली. कुंदनचा नंबर पाहुण्यांच्या कागदावर होता. तिने तो लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला गेला आणि पलीकडून ज्योत्स्नाबाईंचा आवाज आला, “कोण?”

“मी अरिबा,” ती म्हणाली. “फोन ठेवू नका. आजींचा गुडघा कसा आहे, एवढंच सांगा.”